तीर्थन नदीवर सहकुटुंब ट्राउट: कधी जावं, कसं जावं, आणि जावं का?

चोरलकाठ :
नमस्कार मंडळी,
आम्ही इंदूरचे. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. नोकरीनिमित्त काही वर्षं स्कॉटलंडमध्ये होतो, तेव्हा फ्लाय फिशिंग शिकलो. येताना रॉड आणि रीळ घेऊन आलो आणि ते आजतागायत माळ्यावर आहेत. आता मुलं हाताशी आली आहेत, तर हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात सगळ्यांना न्यावं असं फार मनात आहे. बंजारच्या पुढे गुशैणीच्या आसपास नदीकाठी मुक्काम करायचा आणि मनाली-रोहतांगच्या वाटेला अजिबात जायचं नाही.

एक मत आधीच मांडतो. मुलांना नदी दाखवायची असेल तर नदीत उभं राहण्यासाठी त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. नुसतं "बघ किती छान" म्हणून काठावर नेलं की फोटो निघतात आणि संपतं. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी मात्र पाणी वाचावं लागतं, दगड बघावे लागतात, किडे ओळखावे लागतात. मला मासा मिळाला नाही तरी चालेल, मुलांना हे मिळायला हवं.

प्रश्न असे: मे महिन्याच्या सुट्टीत जमेल का? इंदूरहून म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन जाण्याचा बरा मार्ग कोणता? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना काय करता येईल? आणि शेवटचा प्रश्न आईचा आहे. ती पक्की शाकाहारी. ती विचारते, "पकडून सोडूनच द्यायचा असेल तर पकडायचा कशाला?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

घाटवाट :
मे नको. स्पष्ट सांगतो.

तीर्थनला वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून पाणी येतं. एप्रिलअखेरपासून ते वाढत जातं, मे-जूनमध्ये जोर असतो आणि पाणी गढूळ झालं की माशाला तुमची गळावरची खोटी माशी दिसतच नाही. सकाळी गुडघाभर असलेली जागा दुपारच्या उन्हानंतर मांडीपर्यंत येते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळा, तेव्हा त्या खोऱ्यांत मुलांना नेऊच नये. चांगले दिवस दोन: मार्च ते एप्रिलचा मध्य, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलमध्ये ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण ब्राउन ट्राउटचा अंडी घालण्याचा काळ तोच.

मत्स्यविभागाचा परवाना काढावा लागतो, तो काढाच. किती मासे आणि केवढे ठेवता येतात याचे नियमही असतात. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, खालच्या बाजूची नदी पुरेशी आहे.

सुगरणताई :
मासेमारीतलं मला काही कळत नाही, पण आईंच्या जेवणाची काळजी करू नका. त्या भागात सिड्डू मिळतो. गव्हाच्या आंबवलेल्या कणकेत अक्रोड-खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर साजूक तूप ओततात. राजमा-भात तर घरोघरी. फक्त मुक्कामाच्या घरी आधी कळवा की एका माणसासाठी कढई वेगळी हवी. आम्ही सांगितलं होतं, तर त्या घरच्या बाईंनी सासूबाईंना स्वयंपाकघरातच बसवून घेतलं आणि दोघींनी मिळून भाजी केली. भाषा दोघींची वेगळी, तरी दुपारभर बोलत होत्या.

आणि इंदूरची माणसं असाल तर शेव तुम्ही न्यालच, ते सांगायला नको. 😀

नवखी :
कदाचित बाळबोध प्रश्न असेल. फ्लाय फिशिंग आणि आपल्याकडे तळ्यावर गळ टाकून बसतात त्यात नेमका फरक काय?

चोरलकाठ :
@घाटवाट, धन्यवाद. मे बाद. दिवाळीच्या सुट्टीचा विचार केला होता, पण यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, म्हणजे बंदी सुरू झालेली असेल. दसऱ्याच्या सुमारास बघतो.

@नवखी, अजिबात बाळबोध नाही. साध्या गळाला गांडूळ किंवा कणीक लावतात, शिसं असतं, त्या वजनाने दोर लांब जातो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. म्हणून वजन दोरात असतं. जाडसर लाईन, तिच्या पुढे निमुळती होत जाणारी तंगूस, आणि टोकाला माशी. रॉड मागे नेला की लाईन हवेत मागे उलगडते. ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायचा. आई गच्चीवर ओली चादर वाळत घालण्याआधी झटकते ना, तसा मनगटाचा झटका आणि मध्ये क्षणभर विराम. नवीन माणूस नेमका तो विराम खातो आणि लाईन मागच्या झाडात जाते.

जोर लागत नाही. म्हणूनच मुलांना आणि बायकांना हे पटकन जमतं. दंडात ताकद असलेले गडी जास्त वेळ घेतात.

नवखी :
हे फार छान समजावलंत. घरी चादर झटकून पाहिली, नवऱ्याने विचारलं हे काय चाललंय. 😀

ग्वाल्हेरीबाणा :
चादर झटकण्यात आमच्या आत्याचा हात कोणी धरणार नाही, तिला घेऊन जा रे!
धागा आवडला. इंदूरहून मालवा एक्स्प्रेस घ्या, आमच्या ग्वाल्हेरवरूनच जाते. रात्री स्टेशनवर येऊन मुलांना खाऊ देऊन जाईन, फक्त डबा कळवा.

रेवामाई :
मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

महेश्वरच्या घाटावर लहानपणापासून आम्ही कणकेच्या गोळ्या माशांना घालतो. पायरीवर हात पाण्याला लावला की मासे तळहाताला ढुशा देतात. त्याच मुलांना दुसऱ्या नदीवर नेऊन माशाच्या ओठात लोखंड घालायला शिकवायचं, आणि वर म्हणायचं की आम्ही सोडून देतो? चोरलकाठ, तुमच्या आईंचा प्रश्न बरोबर आहे आणि तो सोडवल्याशिवाय तिकिटं काढू नका.

"माशाला काही कळत नाही" असं कोणी लिहिण्याआधी सांगते. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्याच तोंडाभोवती इजा टिपणारे चेतातंतू असतात हे दाखवलं. ओठात दाहक द्रव्य टोचलं तेव्हा त्या माशांनी खाणं बंद केलं आणि ओठ तळाच्या खडीवर घासले. माणसासारखं दुःख त्यांना होतं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, पण काहीच होत नाही असं आता म्हणता येत नाही.

बडोदेकर_सीकेपी :
रेवामाई, तुमचं दुखणं समजतं. माझं म्हणणं मात्र उलट दिशेने तुमच्याच जवळ येतं. आमच्या घरी मासा हा जेवणाचा भाग. मी म्हणतो की पकडलात तर खा. पोटासाठी एक मासा घेणं मला प्रामाणिक वाटतं, खेळासाठी दहांना दमवून सोडणं नाही. नियमात बसणारा एक ट्राउट घ्यायचा, स्वतः साफ करायचा, मुलांसमोर करायचा. ताटातला मासा कुठून येतो हे त्यांना कळू दे. मोहरीच्या तेलात, फक्त मीठ-हळद-तिखट लावून. ट्राउटला खवले इतके बारीक असतात की खरवडायची गरज नसते.

चोरलकाठांच्या घरी अर्धं घर शाकाहारी म्हणून अडचण आहे, ते मान्य.

घाटवाट :
दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. सोडून देणार असाल तर नीट सोडा, एवढंच मी सांगू शकतो. अर्धवट काळजी घेऊन सोडलेला मासा तासाभराने खाली कुठेतरी मरतो आणि आपण पुण्य केल्याच्या आनंदात घरी येतो.

गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, तो बारीक तोंडाच्या पकडीने दाबून सपाट करा. मग गळ ओठातून सहज निघतो, आणि पोराच्या कानात रुतला तर तोही सहज निघतो. हात आधी पाण्यात ओले करा. ट्राउटच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं बुरशीपासून रक्षण करतो आणि कोरड्या हाताने तो निघून येतो. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवाच असेल तर आधी कॅमेरा तयार, मग मासा वर, आणि आपण श्वास रोखून धरायचा. आपल्याला गुदमरायच्या आत तो परत पाण्यात गेला पाहिजे. जास्त वेळ खेळवत बसू नका. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा, तो आपला आपण निघून जातो. आणि पाणी वीस अंशांच्या वर असेल तर रॉड गुंडाळा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही.

गोटे_आणि_गाळ :
उशिरा आले, पण हा विषय माझा आहे, त्यामुळे लांब लिहिणार.

पहिली गोष्ट, ट्राउट हिमालयातला नाही. १९०० साली ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने स्कॉटलंडहून काश्मीरला आली, त्याआधीचा प्रयत्न फसला होता. कुलू खोऱ्यात १९०९ च्या सुमारास कटराईंजवळ ट्राउट वाढवायला सुरुवात झाली. साहेबांना घरची नदी हवी होती म्हणून हा मासा इथे आला. आज ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहेत. आपल्याकडे स्नो ट्राउट म्हणतात तो मासा मुळात ट्राउट नव्हेच, तो रोहू-महाशीरच्या कुळातला, इथला मूळ रहिवासी. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, त्यासाठी त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. त्याची संख्या घटली आहे. धरणं, वाळूउपसा, बेसुमार मासेमारी ही कारणं आहेतच, पण परक्या ट्राउटचाही त्यात वाटा आहे. तेव्हा मुलांना दोन्ही मासे ओळखायला शिकवा. ट्राउटला पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो, त्यात काटे नसतात. स्नो ट्राउटला तो नाही. मूळचा मासा चुकून लागला तर तो अगदी तातडीने परत गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरंतर लिहायला बसले. रॉड जोडायच्या आधी मुलांना दगड उलटायला लावा. घोट्याएवढ्या पाण्यातला, हातात मावेल असा चपटा दगड उचला आणि ओली खालची बाजू वर करा. आधी काहीच दिसणार नाही. मग दगडाचाच एक तुकडा सरकतो. ती मेफ्लायची, म्हणजे पाण्यात वाढून मग उडणाऱ्या एका किड्याची अळी. अंग चपटं, प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून दगडाला चिकटलेलं, मागे बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले आणि ते सतत फडफडत असतात. दोनच शेपट्या आणि दांडगं अंग असेल तर ती स्टोनफ्लाय, आणि तिला स्वच्छ, थंड, खळाळतं पाणीच लागतं. ती दिसली म्हणजे नदी निरोगी. त्याच दगडावर वाळूच्या कणांची एक बारीक नळी चिकटलेली दिसेल. तिच्यात कॅडिसची अळी राहते. तोंडातून रेशमासारखा धागा काढून तिने एकेक कण जोडलेला असतो. नळीच्या तोंडातून सहा पाय आणि काळपट डोकं बाहेर येतं, सावली पडली की आत जातं.

मेफ्लाय जवळजवळ सगळं आयुष्य अशी पाण्याखाली काढते आणि पंख फुटल्यावर काही तास, फार तर एक-दोन दिवस जगते. त्या अवस्थेत तिला खाता येत नाही, तोंडच कामाचं नसतं. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीपेक्षा बुडणारी निंफ, म्हणजे अळीसारखी दिसणारी खोटी माशी, दिवसभरात जास्त कामी येते. मुलांनी जो किडा दगडाखाली पाहिला, त्याच आकाराची आणि रंगाची माशी डबीतून निवडायची. चोरलकाठ, तुम्ही म्हणालात तसं हाताला काम द्यायचं असेल तर हे काम द्या. दगड मात्र होता तसा परत ठेवायचा, हे त्यांच्याकडून घोकून घ्या.

नवखी :
पंख फुटल्यावर तोंडच नाही! हे वाचून दोन मिनिटं तशीच बसले.

सुगरणताई :
@गोटे_आणि_गाळ, आमच्या नातवाच्या शाळेत तुम्ही विज्ञान शिकवायला या हो.

माळवाभटक्या :
भिया, सराव कुठे करणार? सिरपूर तलावावर कृपया जाऊ नका. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, पक्षी आहेत, तिथे लाईन फिरवणं बरोबर नाही. त्यापेक्षा सकाळी एखादं मोकळं मैदान बघा. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि गवतावर ठेवलेल्या थाळीत तो पाडायचा. लहान मुलाला नऊ फुटी रॉड जड होतो. तेन्कारा म्हणून जपानी प्रकार असतो, त्यात रीळच नाही, एकात एक सरकून लहान होणाऱ्या काठीच्या टोकाला थेट दोर. आठ वर्षांच्या मुलाला आणि तुमच्या बाबांनाही तोच बरा.

डोळ्यांवर चष्मा सगळ्यांना सक्तीचा. पोलराइज्ड असला तर पाण्यावरची चकाकी जाऊन आतले दगड आणि मासेही दिसतात, पण मुख्य कारण डोळ्यांत गळ जाऊ नये हे आहे.

चोरलकाठ :
लोकरीची कल्पना आजपासूनच. मुलीने आईच्या भरतकामाच्या पेटीतून तपकिरी दोरा काढला आहे आणि मोराचं एक गळून पडलेलं पीस मिळवलं आहे, त्याचे तंतू गुंडाळून फार सुरेख निंफ बनते. गळ म्हणून सध्या तिला वाकवलेली तार दिली आहे.

रेवामाई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "या बाईंना माझा नमस्कार कळव."

ग्वाल्हेरीबाणा :
हिमालयात कशाला, आपल्या नर्मदेत महाशीर आहे की! राज्यमासा आहे आपला.

माळवाभटक्या :
@ग्वाल्हेरीबाणा, आहे, पण किती उरलाय ते विचारा. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने महाशीरला राज्यमासा केलं. त्याला अंडी घालायला वाहतं, खडकाळ पाणी लागतं आणि नर्मदेवर एकामागोमाग एक जलाशय झाले. बडवाहच्या वनविभागाने कृत्रिम प्रजननाचे प्रयत्न केले आहेत. तिथे गळ घेऊन जाण्याची ही वेळ नाही.

रेवामाई :
@माळवाभटक्या, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आजीच्या तोंडी हातभर महाशीर घाटाला लागल्याच्या गोष्टी असत, आम्ही तो पाहिलाच नाही.

आणि चोरलकाठ, वाटेतल्या मंडी जिल्ह्यात जोगिंदरनगरजवळ मच्छियाल म्हणून जागा आहे. तिथे मंदिराजवळच्या पाण्यात महाशीर राखलेले आहेत, लोक त्यांना खाऊ घालतात, कोणी पकडत नाही. वाट थोडी वाकडी करावी लागेल, पण तुमच्या आईंना तिथे न्या.

बडोदेकर_सीकेपी :
मच्छियालला मीही हात जोडून आलोय. तिथे मासे बघून जेवणाचा विचार मनात आला नाही, हे माझ्या बायकोलाही खरं वाटत नाही. 😀

वळणावळण :
मार्गाचं कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मालवा एक्स्प्रेस दुपारी इंदूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाला छावणीला पोचवते. तिथून गाडी करून बिलासपूर, मंडी, औट. औटच्या बोगद्याच्या तोंडाशीच बंजारचा फाटा आहे, बोगद्यात शिरायचं नाही. अख्खा दिवस जातो. म्हातारी माणसं असतील तर बिलासपूर किंवा मंडीला रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात खोऱ्यात शिरा. गुशैणी साधारण दीड हजार मीटरवर आहे, उंचीचा त्रास होणार नाही. ३१२० मीटरच्या जलोडी खिंडीला जायचं ठरवलंत तर मात्र बाबांना विचारून जा.

दसऱ्याबद्दल एक सूचना. कुलूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी, म्हणजे विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यांतून देवांच्या पालख्या ढालपूरच्या मैदानावर जातात, बंजार भागातलेही देव जातात. रस्त्याला गर्दी असते आणि जागा आधीच भरतात. दसऱ्याच्या आधीचा आठवडा घेतलात तर नदीही निवांत आणि रस्ताही.

घाटवाट :
सुरक्षेचं एक लिहायचं राहिलं आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. जून २०१४ मध्ये थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे चोवीस विद्यार्थी वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. तीर्थन त्याच लारजीला बियासला मिळते आणि तुमची गाडी त्याच रस्त्याने जाईल. वाटेत "किती छान दगड आहेत" म्हणून कोणालाही बियासच्या पात्रात उतरू देऊ नका. तीर्थनवर मोठं धरण नाही, जलविद्युत प्रकल्पांना लोकांनी तिथे विरोध केला आणि नदी मोकळी राहिली. तरी वर ढगफुटी झाली तर पाणी सांगून येत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली की रॉड टाकून द्या आणि वर चढा.

मुलं गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात रॉड नसेल. हे पाळणार नसाल तर जाऊ नका.

चोरलकाठ :
शब्दशः पाळीन. म्हणजे आम्ही दोघं मुलांमागे आणि रॉड मुलांच्या हातात. मला ते अगदी मान्य आहे.

काल रात्री आईने पूर्ण धागा चष्मा लावून वाचला. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतो:

"सगळ्यांचं वाचलं. बडोद्याच्या गृहस्थांचं खरं बोलणं आवडलं. जो खातो त्याने पकडावा, त्यात खोट नाही. आपण खात नाही. तोंडात गळ अडकवायचा आणि मग प्रेमाने सोडायचा, याला दया म्हणू नका. पण मुलांनी दगड उलटावेत, किडे बघावेत, ती लाईन हवेत फिरवावी, हे मला फार आवडलं. मीही दगड उलटीन. मासा तुमच्या खोट्या माशीला फसला की नाही एवढंच बघायचंय ना? मग टोक कशाला हवं?"

मी यावर विचार करत होतो आणि आठवलं की स्कॉटलंडमध्ये एक म्हातारे गृहस्थ गळाचं टोक कापूनच मासेमारी करत. मासा येतो, माशी तोंडात घेतो, हाताला झटका कळतो, आणि तो थुंकून निघून जातो. ते म्हणत की माशी निवडणं, पाणी ओळखणं, लाईन बरोबर पाडणं हे सगळं त्या झटक्यापाशी पूर्ण होतं. तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

तर ठरलं. आमच्या सगळ्या माश्यांची टोकं इथेच कापून न्यायची. परवाना तरीही काढणार.

बडोदेकर_सीकेपी :
आईंना साष्टांग नमस्कार. माझा विचार बदलला नाही, पण असं कोणी करणार असेल तर मला काठावर उभं राहून बघायला आवडेल.

रेवामाई :
मासा तरीही दचकणारच, हे मी लिहिणारच. पण त्याला जखम होणार नाही. आईंनी जो मार्ग काढला तो मला सुचला नव्हता. त्यांच्याशी फोनवर बोलता आलं तर फार बरं वाटेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गोटे_आणि_गाळ :
टोक कापताना वाकणाच्या मध्यावर कापा आणि कड कानसीने गुळगुळीत करा. नुसतं टोक कापलं तर तुटलेली धार ओरखडते. आणि मुलांना एक वही द्या. कुठल्या दगडाखाली काय मिळालं, पाण्याचं तापमान किती, मासा कुठल्या माशीला आला. साधा थर्मामीटर पुरतो.

वळणावळण :
बाबांच्या गुडघ्यांचं राहिलंच. मुक्काम ठरवताना फोनवर "नदीकाठी" एवढ्यावर समाधान मानू नका. तिथली बरीच घरं नदीच्या पलीकडे आहेत आणि सामान तारेवरच्या पाळण्यातून जातं, किंवा पन्नास-साठ पायऱ्या उतरायच्या असतात. स्पष्ट विचारा: गाडी दारापर्यंत येते का, आणि दारापासून पाण्यापर्यंत सपाट वाट आहे का. बाबांसाठी घडीची खुर्ची न्या. बंजार ते गुशैणी रस्ता बराचसा नदीला लागूनच आहे, रस्त्यालगत चार पावलांवर पाणी मिळतं अशा जागा आहेत. तिथे खुर्चीत बसून तेन्कारा आरामात चालवता येईल.

चोरलकाठ :
हेच हवं होतं. उद्याच फोन करून पायऱ्या विचारतो. दोन ठिकाणं निवडली आहेत, उत्तर मिळालं की इथे लिहितो. अंबाल्याहून मोठ्या गाडीचा खात्रीचा चालक कोणाला माहीत असेल तर व्यनि करा, डोंगरात सावकाश चालवणारा हवा.

ग्वाल्हेरीबाणा :
डबा कळव. आईंना शेंगदाण्याची चिक्की चालते का तेही सांग.